‘काही असलं तर गाडी सांगेल’: पिंपळगावच्या अलीकडे घडलेल्या एका अपघाताचा अभ्यास

पार्श्वभूमी

मी नाशिकमध्ये मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. पूर्वी माझ्याकडे फक्त लायसन्स काढायला आलेली मुलं-मुली असायची. आता वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेली माणसंही येतात. नवी गाडी घेतलेली असते आणि त्या गाडीशी जमवून घेता येत नसतं. हे प्रकरण अशाच एका घरातलं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात एकमेकांना जी हाक मारतात तीच इथे वापरते: भाऊ, वहिनी आणि अण्णा.

भाऊंचं वय ४६. अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी, शाळेत शिकवतात, त्याही गाडी चालवतात. अण्णा म्हणजे भाऊंचे वडील, वय ७४. दसऱ्याला घरात नवी एसयूव्ही आली, ॲडास असलेली. म्हणजे पुढच्या गाडीमागे अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारं क्रूझ, पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध ठेवणारा लेन असिस्ट आणि धडक होणार असं वाटलं तर स्वतःहून लागणारा ब्रेक. शोरूममध्ये ‘लेव्हल टू’ असं सांगितलं होतं. भाऊंना वाटलं, दोन नंबरचं म्हणजे बरंच वरचं असणार.

अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली गाडी किती आपोआप चालते याच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवल्या. त्यातल्या दुसऱ्या पायरीवर गाडी एकाच वेळी वेगही सांभाळते आणि स्टीअरिंगलाही हात लावते, पण रस्त्यावर सतत नजर ठेवण्याचं काम चालकाचंच राहतं. गाडीने काही केलं नाही तरी चालकाने करायचं. ताबा देताना हे कोणी सांगितलंच नाही, असं मी म्हणणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत सनरूफ, मोबाइलचं ॲप, सर्व्हिसच्या तारखा आणि ॲडास असं सगळं एका दमात सांगितलं गेलं, पेढे वाटता वाटता. पुस्तिका इंग्रजीत होती. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात गेली आणि तिथेच राहिली.

त्या दिवसाचा एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. गाडीची पूजा झाली, पुढच्या जाळीवर झेंडूचा भरगच्च हार घातला. घरी निघाल्यावर स्क्रीनवर पिवळी खूण आणि संदेश आला: पुढचं रडार झाकलं गेलंय, यंत्रणा बंद आहे. भाऊंनी शोरूमला फोन केला, त्यांनी हार काढायला सांगितलं. हार काढला, खूण गेली. भाऊ खूश झाले. पुढचे तीन महिने ते हा किस्सा सगळ्यांना सांगत होते, ‘अरे, साधा हार आला तरी गाडी सांगते!’

त्यानंतर समृद्धी महामार्गावरून नागपूरच्या दोन फेऱ्या झाल्या. तिथे पट्टे ठळक, वळणं लांब, आडवं येणारं कोणी नाही. क्रूझ लावलं की तासन् तास पाय मोकळा. स्टीअरिंगवर हात नाही असं वाटलं की गाडी टोकायची, पण खालच्या बाजूला दोन बोटं टेकवली की गप्प व्हायची. ती दोन बोटं भाऊंची सवय झाली.

त्या पहाटे काय झालं

जानेवारीत धुळ्याला वहिनींच्या माहेरचं लग्न होतं. सव्वापाचला इंदिरानगरहून निघाले. द्वारका, आडगाव, ओझर असं करत मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे पोचले तेव्हा अजून अंधार होता. निफाडकडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. शेतांवरून धुक्याचे पट्टे रस्त्यावर येत होते, दाट नव्हे, पण विरळही नव्हे.

भाऊंनी ८५ वर क्रूझ लावलं होतं. पुढे एक आयशर ट्रक ६२च्या वेगाने चालला होता, त्यामुळे त्यांची गाडीही त्याच्यामागे ६२ने चालली होती. हे आकडे डॅशकॅममधले, म्हणजे समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातले आहेत. अंतराच्या चार पायऱ्यांपैकी भाऊंनी सगळ्यात कमी अंतराची निवडली होती, कारण जास्त अंतर ठेवलं की मधे कोणीतरी घुसायचं.

आयशर अचानक डावीकडच्या लेनमध्ये गेला. समोर कांद्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. डावीकडे रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते, ते टाळत टाळत ट्रॅक्टर दुभाजकाजवळच्या लेनमध्ये आला होता आणि १४-१५च्या वेगाने पिंपळगावच्या मार्केटला चालला होता. मागचा दिवा बंद. लाल रिफ्लेक्टर असायला हवा तिथे भिजलेलं गोणपाट लोंबत होतं.

मी डॅशकॅमचा तो व्हिडिओ बऱ्याच वेळा थांबवून थांबवून पाहिला. आयशर बाजूला सरकल्याबरोबर गाडीचा वेग ६२चा ६४ झालेला दिसतो. कमी नाही, जास्त. मग बीप, मग ब्रेकचा झटका, त्याच क्षणी भाऊंनी डावीकडे मारलेलं स्टीअरिंग. गाडीचा उजवा पुढचा कोपरा ट्रॉलीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला.

वहिनींच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, पट्टा होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. मागे बसलेल्या अण्णांनी पट्टा लावला नव्हता. पुढच्या सीटवर आपटून त्यांच्या कपाळाला नऊ टाके पडले. ट्रॅक्टरवरचा मुलगा जेमतेम विशीतला, त्याला मुका मार लागला. ट्रॉलीचं फाळकं तुटून लाल कांदा रस्ताभर झाला. वहिनी सांगत होत्या, की हाड मोडल्याचं त्यांना नंतर कळलं, आधी कानात घुमत होता तो कांद्यांवरून जाणाऱ्या चाकांचा आवाज.

गाडीला काय दिसलं होतं

भाऊ माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन. ‘मॅडम, हाराला सांगणारी गाडी ट्रॉलीला का बोलली नाही?’

हार रडारच्या तोंडावरच होता. आपल्यासमोर काहीतरी आलंय, लाट बाहेर जात नाही, हे रडारला स्वतःला कळतं. म्हणून ते सांगतं. पण आयशरच्या आड जे आहे ते रडारच्या लेखी नाहीच. रडार धडधाकट, कॅमेरा धडधाकट, पुढची गाडी दिसते आहे, सगळं ठीक आहे. आपल्याला काही दिसत नाही हेच जिथे तिला कळत नाही, तिथे ती सांगणार काय? भाऊंनी गाडीचा स्वभाव हारावरून ठरवला होता, आणि हार हा सोपा प्रश्न होता.

वेग वाढला तेही बिघाडाने नाही. क्रूझला ८५ सांगितलं होतं. पुढची गाडी बाजूला झाली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं धरून ती ८५कडे निघाली. तिला ट्रॉली आहे हे कळेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद गेला. अशा परिस्थितीला शिकवताना मी ‘पडदा सरकणं’ म्हणते: पुढचं वाहन हटतं आणि त्याच्यामागचं संथ वाहन एकदम उघडं पडतं.

कॅमेऱ्याचं वेगळं. काचेच्या वरच्या भागात, आरशामागे तो बसवलेला असतो आणि आकार ओळखून हे वाहन, हा माणूस असं ठरवतो. दोन लाल दिवे, नंबरप्लेट, काच असलेली गाडीची पाठ त्याला ओळखीची. ताडपत्री बांधलेली, दिवे नसलेली, मातीच्या रंगाची ट्रॉली धुक्यात ओळखायला त्याला वेळ लागतो. माणसालाही लागतो. पण नाशिकचा माणूस जानेवारीच्या पहाटे पिंपळगावजवळ आला की त्याच्या डोक्यात ट्रॉली आधीच असते. मार्केटला कांदा कधी जातो हे कुठल्याच रडारला माहीत नसतं.

वहिनींनी विचारलं, ट्रॅक्टर थांबलेलाच असता तर? तर बहुधा आणखी वाईट झालं असतं. रस्त्यावरचे फलक, पुलाचे कठडे, खांब या सगळ्यांवरून रडारची लाट परत येतेच. प्रत्येक स्थिर वस्तूला गाडी ब्रेक मारू लागली तर चालवणंच अशक्य होईल. म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तूंकडे बरीचशी क्रूझ यंत्रणा दुर्लक्ष करते, किंवा फार उशिरा लक्ष देते. समृद्धीच्या कडेला टायर बदलत उभा असलेला ट्रक याच जातीचा धोका आहे, आणि तिथे वेग १२०चा असतो.

आपणहून लागलेल्या ब्रेकबद्दलही भाऊंच्या मनात राग होता. ब्रेक लागला आणि सुटला असं त्यांना जाणवलं होतं. पुस्तिकेत ते लिहिलेलं सापडलं: चालकाने स्टीअरिंग जोरात वळवलं किंवा ॲक्सिलरेटर दाबला तर यंत्रणा माघार घेऊ शकते. माणूस स्वतः काहीतरी करतोय, त्याच्या आड येऊ नये, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही. पण तो पहिल्यांदा कळायची जागा पिंपळगावचा अंधार नव्हती.

निर्णयाचे क्षण

भाऊ म्हणायचे, दोन सेकंदांत काय निर्णय घेणार? त्या दोन सेकंदांबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मला दिसणारे निर्णय त्याआधीचे आहेत, आणि ते सगळे आरामात, चहा पिता पिता घेता येण्याजोगे होते.

सगळ्यात मोठा निर्णय अंतराचा. मी वहीवर गणित मांडून दाखवलं, अंदाजाचं, पण उपयोगाचं. ताशी ६२ म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. सगळ्यात कमी अंतराची पायरी साधारण एका सेकंदाची, म्हणजे आयशर १७ मीटर पुढे. आयशरची लांबी आठेक मीटर. तो ट्रॉलीच्या अगदी जवळ जाऊन सरकला, तिथे तीनेक मीटर उरले असतील. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हा ती २८ मीटरवर होती आणि दोघांच्या वेगातला फरक ४८चा, सेकंदाला १३ मीटरहून थोडा जास्त. हाताशी दोन सेकंद. पाय ब्रेकपासून लांब, मन निवांत, अशा माणसाला ब्रेक दाबायलाच दीड सेकंद लागतो. त्यात वीस मीटर जातात. उरलेल्या आठ मीटरमध्ये काय होणार? चांगला ब्रेक लागला तरी वेगातला फरक संपवायला बारा-तेरा मीटर लागतात.

हेच अंतर अडीच सेकंदांचं ठेवलं असतं तर आयशर ४३ मीटर पुढे असता आणि ट्रॉली ५४ मीटरवर दिसली असती. तेवढाच दीड सेकंद वाया घालवूनही भाऊ तिथे सावकाश थांबले असते. डुलकी नाही, मोबाइल नाही, दारू नाही. स्टीअरिंगवरचं एक बटण.

हे गणित मांडल्यावर भाऊ बराच वेळ वहीकडे बघत बसले. त्यांनी वही वहिनींकडे सरकवली.

दुसरा निर्णय रस्त्याचा. समृद्धीवर कमावलेला विश्वास त्यांनी जुन्या महामार्गावर जसाच्या तसा आणला. समृद्धीवर ट्रॅक्टरला बंदी आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रॅक्टर आहे, उलट दिशेने येणारी दुचाकी आहे, दुभाजक ओलांडणारी माणसं आहेत. गाडी तीच, बटण तेच, पण ते काम तिथे तिला जमण्यासारखं नव्हतं.

तिसरा पायाचा. ट्रॉली दिसल्यापासून एका सेकंदाच्या आत ब्रेक लागला असता तर २८ मीटरही काठावर का होईना पुरले असते. पण उजवा पाय सीटखाली दुमडलेला होता. २०१६ साली अमेरिकेत फ्लोरिडात अशीच एक गाडी रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली गेली आणि चालक दगावला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत चालकाच्या यंत्रणेवरच्या अतिविश्वासावर बोट ठेवलं, आणि इतका वेळ लक्ष काढून घ्यायला मुभा देणाऱ्या यंत्रणेच्या रचनेवरही. ते दोन्ही बाजूंनी खरं आहे असं मला मनापासून वाटतं. दोन बोटं टेकवली की गप्प बसणारी यंत्रणा माणसाला दोन बोटंच टेकवायला शिकवते.

चौथा निर्णय मागच्या पट्ट्याचा होता. त्यावर काही समजावून सांगायची गरज नाही. अण्णांच्या कपाळावर तो दिसतो.

समोर असलेले पर्याय

गाडी सव्वा महिना वर्कशॉपमध्ये होती. तेवढ्या काळात घरात चार मतं होती.

अण्णांचं मत, सगळं बंद करून टाका, आजवर काय आपण गाड्या चालवल्या नाहीत? याला वजन होतं, पण मी विरोध केला. आपणहून लागलेल्या त्या अर्ध्यामुर्ध्या ब्रेकने धडकेचा जोर नक्कीच कमी केला होता. तो ब्रेक आणि बाजूच्या गाडीचा इशारा देणारा दिवा बंद करण्यात काहीच फायदा नाही. ही यंत्रणा आपलं काम आपल्या हातून काढून घेत नाही, मागे उभी राहते. क्रूझ आणि लेन असिस्ट काम काढून घेतात. माझ्या मते फरक इथे करायचा.

भाऊंच्या भावाचं मत, ग्राहक आयोगात जा. वकिलाला विचारलं. पुस्तिकेत धुकं, न ओळखता येणारी वाहनं, अचानक उघडं पडणारं वाहन, सगळं लिहिलेलं होतं. ताबा घेताना समजावून सांगितल्याच्या कागदावर भाऊंची सही होती. भाऊंनी तो विचार सोडला. मला वैयक्तिक वाटतं, की पंधरा मिनिटांत सही घेणं हे समजावून सांगणं नव्हे, आणि मराठी माणसाला मराठीत पुस्तिका मिळायला हवी. पण त्यांची लढाई मी लढणार नाही.

गाडी विकायचा विचार वहिनींचा होता. त्या काही दिवस पुढच्या सीटवर बसायलाही तयार नव्हत्या. शेवटी त्यांनीच चौथा मार्ग सुचवला: गाडी ठेवायची, पण घरात जो चालवतो त्या प्रत्येकाने ती नव्याने शिकायची.

काय केलं

वर्कशॉपमधून गाडी घेताना पहिलं काम कॅमेरा आणि रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते नेमके सरळ बसवून जुळवणं, झाल्याचा कागद मागण्याचं. पुढची काच बदलली होती, बंपर बदलला होता. कॅमेरा अंशभर जरी तिरका बसला तरी पन्नास मीटरवर तो जवळजवळ मीटरभर चुकतो. कागद मागितल्यावर कळलं, की रडारचं झालं होतं, कॅमेऱ्याचं राहिलं होतं. भाऊंनी तो दिवस तिथेच बसून काढला.

मग पाच रविवार आम्ही बाहेर पडलो. आपणहून लागणाऱ्या ब्रेकची परीक्षा आम्ही घेतली नाही. खोकी ठेवून किंवा माणूस उभा करून तसं करणारे मला भेटले आहेत, कृपा करून कोणी करू नका. आम्ही एवढंच केलं: डॅशबोर्डवर पट्ट्यांचं जे छोटं चित्र असतं ते हिरवं असतं तेव्हा गाडीला पट्टे दिसतात, करडं झालं की दिसत नाहीत. पाथर्डी फाट्यापासून घोटीपर्यंत वहिनी मागे बसून चित्र किती वेळा करडं होतं ते वहीत मांडत होत्या. जाताना सतरा वेळा. त्यातल्या एकाही वेळी गाडीने आवाज केला नाही, चित्र फक्त रंग बदलत होतं. भाऊंनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, ‘म्हणजे ती सांगत होती. मीच ऐकत नव्हतो.’ मी म्हटलं, काही वेळा सांगते, तेही हळू आवाजात, आणि ट्रॉलीसारख्या वेळी सांगतच नाही.

दुसरा सराव बोलत चालवण्याचा. समोर जे दिसतं ते मोठ्याने म्हणायचं आणि गाडीला ते दिसलं असेल का तेही म्हणायचं. ‘पुढे पिकअप, गाडीला दिसली. पिकअपच्या पुढे काय आहे, मला दिसत नाही, गाडीलाही दिसत नाही.’ हे वाक्य आलं की पाय ब्रेकवर आणायचा. पहिल्या दिवशी भाऊ लाजत होते. तिसऱ्या रविवारी वहिनी चालवत असताना तेच मागून बोलायला लागले.

घरात ठरलं ते असं. क्रूझ फक्त समृद्धीवर, दिवसा, कोरड्या हवेत. अंतर नेहमी सगळ्यात जास्त. शहरात, घाटात आणि त्र्यंबक रोडला लेन असिस्ट बंद. ब्रेकची यंत्रणा कधीच बंद करायची नाही. मागे बसणाऱ्याने पट्टा लावला नाही तर गाडी हलणार नाही, हा नियम अण्णांनी स्वतः घातला.

पिंपळगावच्या त्या मुलाच्या घरीही भाऊ जाऊन आले. पंचनामा, विमा, कांद्याची भरपाई हे सगळं रीतसर झालंच, ते वेगळं. भाऊंनी युनिटमधून लाल परावर्तक टेपचे रोल नेले आणि त्या मुलाबरोबर बसून त्यांच्या आणि शेजारच्या दोन ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर लावले. तुटलेलं फाळकंही त्यांनीच जोडून दिलं.

आता कुठे आहोत

सहा महिने झाले. अपघात नाही, पण त्यावरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही, सहा महिने हा फार थोडा काळ आहे. वहिनी पुन्हा पुढे बसतात आणि चालवतातही. जुलैत कसाऱ्याच्या घाटात मुसळधार पावसात कॅमेरा बंद झाल्याचा संदेश आला, तेव्हा क्रूझ आधीपासूनच बंद होतं.

पुन्हा हेच प्रकरण माझ्याकडे पहिल्या दिवशी आलं असतं तर मी काय बदललं असतं? पहिला सराव मी घोटीच्या रस्त्यावर दिवसा घेतला, तो पिंपळगावच्या रस्त्यावर पहाटे घ्यायला हवा होता. भाऊंची भीती वाढेल म्हणून मी टाळलं. त्यामुळे अंधारात, धुक्यात त्यांचे डोळे किती पुढे जातात हे मला आजही पुरतं माहीत नाही. शिवाय अण्णांना मी सरावात घेतलं नाही, ते चालवत नाहीत म्हणून. पण मागे बसलेल्या माणसाचे डोळेही कामाला येतात, हे वहिनींच्या वहीने दाखवलं होतं.

आणि एक गोष्ट सुटलेली नाही. गेल्या महिन्यात मी भाऊंबरोबर समृद्धीवरून सिन्नरहून शिर्डीपर्यंत गेले. अंतर सगळ्यात जास्त ठेवलेलं. एक गाडी मधे आली, क्रूझने वेग कमी केला. पुन्हा एक आली. तिसऱ्या वेळी भाऊंचा अंगठा न कळत अंतराच्या बटणावर गेला आणि एक पायरी कमी झाली. मी काही बोलले नाही. दोनेक किलोमीटर गेल्यावर त्यांनी चित्राकडे पाहिलं, चारऐवजी तीन रेघा दिसल्या, आणि बटण पुन्हा दाबलं. ‘वहिनी असती तर आधीच बोलली असती,’ ते म्हणाले. सप्टेंबरमध्ये पुन्हा भेटायचं ठरलंय, या वेळी पहाटे साडेपाचला, आडगावच्या पुढे.